आकाशातल्या सोंगट्या

दीघनिकायातलं पहिलंच सुत्त, ब्रह्मजालसुत्त, श्रमणानं कशाकशापासून लांब राहावं याची मोठी जंत्री देतं. तिच्यात खेळांनाही जागा आहे. आठ-आठ घरांच्या ओळींचा पट, दहा-दहा घरांचा पट, जमिनीवर आखलेल्या घरांतून पाय टाकत जाणं, ढिगातली एकेक सोंगटी बाकीच्यांना धक्का न लावता नखानं उचलणं, फासे, पानाची पुंगी, खेळातला नांगर, खेळातला रथ, समोरच्याच्या मनातलं ओळखणं. या गर्दीत एक नाव चमत्कारिक आहे : 'आकाश'. टीकाकार सांगतात की हा खेळ त्याच आठ किंवा दहा घरांच्या पटाचा, फक्त पट आणि सोंगट्या दोन्ही गायब. दोघं समोरासमोर बसतात, हवेत पट मांडतात आणि तोंडानं चाली सांगतात. आजच्या बुद्धिबळात डोळ्यांवर पट्टी बांधून खेळतात त्याचाच हा पूर्वज म्हणायचा. असे नियम ज्यांच्यासाठी होते ते भिक्खू आपल्या शेजारीही राहून गेले : बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. सुमारे हजार वर्षं तिथं भिक्खू राहिले, दगडी ओट्यांवर निजले आणि कल्याणच्या सोनारासारख्या दात्यांनी खोदवून दिलेल्या पोढ्यांचं, म्हणजे टाक्यांचं, पाणी प्यायले. तिथल्या लेखांत भद्रायणीय निकायाचं, म्हणजे वेगळ्या बौद्ध संप्रदायाचं, नाव येतं, तेव्हा ही पाली जंत्री शब्दशः त्यांच्या हातात होती असं म्हणण्याचं कारण नाही. पण ज्यानं घर सोडलं त्यानं पटही सोडायचा, हा दंडक त्या साऱ्या परंपरेचा होता. ज्याच्यापाशी वस्तू म्हणून सोंगटी नाहीच, त्यालाही सोंगटी सोडायला सांगावं लागलं, हा त्यातला विचार करण्याजोगा भाग.

या जुन्या निषेधाकडे वळायचं कारण अगदी ताजं आहे. पटावरच्या खेळांसाठी आपल्याला हव्या त्या रूपाच्या सोंगट्या करून घेणं आता कुणालाही जमतं. फोटोवरून संगणकात मूर्ती घडवायची, थ्रीडी प्रिंटरच्या तळाशी रेझिनची पातळ तळी असते तिच्यावर अतिनील प्रकाश पाडायचा, साधारण ०.०५ मिलिमीटर जाडीचा एकेक थर घट्ट होत होत वर चढतो आणि काही तासांत बोटाच्या दोन पेरांएवढा माणूस उलटा लटकलेला बाहेर येतो. त्याला अल्कोहोलमध्ये धुवायचं, आधारासाठी छापलेल्या काड्या चिमट्यानं तोडायच्या, पुन्हा प्रकाशात धरून कडक करायचं आणि रंगवायचं. मग सापशिडीत लाल-पिवळ्या टोप्यांच्या जागी आजोबा, आई, शेंडेफळ आणि घरचं मांजर शिडी चढू लागतात. कुणी अष्टविनायकांचा संच करून घेतो, कुणी सेनापती आणि मावळ्यांचा. यावर धार्मिक अंगानं दोन नाराज्या ऐकू येतात. पहिली अशी की देवाची प्रतिमा खेळात आणणं, तिला मारणं-हरवणं, डबीत कोंबणं हा अपमान आहे. दुसरी अधिक सूक्ष्म : खेळ हा 'मी'ला विसरण्याची जागा, तिथंही स्वतःचाच चेहरा उभा करायचा म्हणजे अहंकाराला पाट मांडून देणं. दोन्ही नाराज्या प्रामाणिक आहेत. पण दोन्ही एकाच गृहीतावर उभ्या आहेत, आणि ते गृहीत मला चुकीचं वाटतं. सोंगटीत जे काही आहे ते तिच्या अंगात, तिच्या आकारात आहे, असं दोन्ही धरून चालतात.

सोंगटीला अंग असतं आणि पद असतं. अंग कारागीर देतो, पद खेळणाऱ्यांची कबुली देते. बुद्धिबळात तिरकं चालणाऱ्या मोहऱ्याला आपण उंट म्हणतो, इंग्रज त्याला धर्मगुरू म्हणतात, फ्रेंच विदूषक. आपला हत्ती तिकडे बुरूज होतो. प्राणी, पाद्री, खुळा आणि इमारत यांत काही म्हणता काही साम्य नाही, तरी तीन देशांचे खेळाडू एका पटावर बसले तर एकही चाल अडत नाही. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यानं, १९१६ साली त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या व्याख्यानांत, हेच उदाहरण घेतलं आहे : घोडा हरवला तर त्याच्याशी मुळीच न मिळणारी कुठलीही वस्तू घोडा होऊ शकते, फक्त तिला तसं मानलं पाहिजे. त्याच्या फार आधी नागसेन या भिक्खूनं मिलिंद राजाला रथाबद्दल विचारलं होतं. चाकं म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणाला, आणि शेवटी उरलं ते एवढंच की सगळं जुळून आल्यावर व्यवहारानं ठेवलेलं नाव म्हणजे रथ. सोंगटीची गोष्ट त्याच्या पुढची आहे. रथाला निदान चाकं लागतात. सोंगटीला काहीच लागत नाही, हे 'आकाश' खेळणाऱ्यांनी सिद्ध केलं.

हे तत्त्व परक्या पंडितांकडून शिकायची मराठी घराला खरं तर गरज नाही. आपल्याकडे कुठलंही कार्य निघालं की तांदळाच्या मुठीवर सुपारी ठेवून तिचा गणपती होतो. सोंड नाही, कान नाहीत, उंदीर नाही. बाजारातून पावशेर आणलेल्यांतली एक. कर्त्याची बायको हजर नसेल तर कमरेला सुपारी लावून तिची जागा भरून काढायची रीतही आहे. त्याच पूजेत अक्षता वाहून, पुनरागमनायच म्हणून, सुपारी किंचित हलवली की गणपती गेला आणि सुपारी राहिली. तिच्या अंगात तसूभर फरक पडलेला नसतो. ती दिली, ठेवली किंवा अडकित्त्याखाली गेली तरी कुणाला पाप वाटत नाही. आवाहन आणि विसर्जन ही दोन क्रियापदं ज्या समाजानं इतकी स्पष्ट वेगळी ठेवली, त्याला देवत्व वस्तूत मुरलेलं नसतं, मांडलेलं असतं, हे कळलेलं होतं.

इथं कॅरम खेळणारा मध्ये पडेल, आणि त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. उपनगरातल्या गल्लीत दिव्याखाली मांडलेल्या बोर्डवर हे सगळं तत्त्वज्ञान कोसळतं. कॅरमची सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची, जाडी ७ ते ९ मिलिमीटर, व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर असावी लागते. स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर चालत नाही. तिथं सोंगटीऐवजी सुपारी ठेवून पाहा. शर्टाचं बटण ठेवून पाहा. आकाशात कॅरम खेळता येत नाही, कारण आकाशात कट बसत नाही आणि रिबाउंड येत नाही. म्हणजे अंग निरर्थक नाही. हा आक्षेप मान्य, पण तो काय सिद्ध करतो ते नीट पाहायला हवं. कॅरममध्ये अंगाचं काम घरंगळणं, टकरणं, थांबणं एवढं आहे, आणि त्यासाठी सगळ्या सोंगट्यांची अंगं शक्य तितकी सारखी हवीत. नऊ काळ्या आणि नऊ पांढऱ्या यांत वजनानं उणंअधिक चालत नाही. राणीचं वजनही प्रजेएवढंच. ती राणी आहे ती लाल रंगामुळे, म्हणजे ओळखीच्या खुणेमुळे, आणि तिला घेतल्यावर 'कव्हर' द्यावं लागतं या नियमामुळे. जिथं अंगाला सगळ्यात जास्त किंमत आहे तिथंच अंगाला वेगळेपण दाखवायची सर्वात कमी मुभा आहे. कॅरमचा कारागीर मूर्तिकार नाही, सोनाराच्या काट्यावर बसणारा माणूस आहे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा, कारण तो माणसाच्या गरजेतून येतो. अंधांसाठीच्या बुद्धिबळाच्या संचात पटाच्या प्रत्येक घराला भोक असतं, मोहऱ्याच्या बुडाला खुंटी असते, काळी घरं किंचित उंच असतात आणि एका बाजूच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक असतं. बोटं पटावर फिरतात, काहीही पडत नाही, रंग कळतो. मुंबईकर चारुदत्त जाधव यांनी अंधांच्या बुद्धिबळाची अखिल भारतीय संघटना उभी केली, तिच्या साऱ्या स्पर्धा अशाच मोहऱ्यांवर चालतात. मागणीनुसार घडवलेल्या सोंगटीचं याहून चांगलं समर्थन मला सुचत नाही. आणि गंमत अशी की ते माझ्याच बाजूला पडतं. त्या टोकामुळे घोडा अधिक घोडा होत नाही. टोक पदाला काही देत नाही, ते बोटाला वाट देतं. अंगाचा धर्म हाच : हाताला आणि डोळ्याला पदापर्यंत पोचवणं. जो कारागीर हे ओळखतो त्याची कला दुय्यम ठरत नाही; तिचं गिऱ्हाईक कोण ते फक्त ठरतं.

आता आसक्तीकडे. सुबक, रंगीत, स्वतःच्या तोंडवळ्याची सोंगटी माणसाला अधिक गुंतवते, ही समजूत इतकी सहज आहे की ती तपासायचं कुणाच्या मनात येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. बायको दुरावलेली, सासू तिरस्कार करणारी, कर्जानं पिचलेला, रात्री दुसऱ्यांच्या घरांकडे वळणारा असा तो माणूस. त्याला देशोधडीला लावणारे फासे कसले होते? बेहड्याच्या बिया. त्रिफळा चूर्णातला जो बेहडा, सह्याद्रीच्या जंगलात ज्याचा खच पडतो, तोच. रंग नाही, कोरीवकाम नाही, चेहरा नाही. तरी त्या बियांनी संसार गिळला. विनयपिटकात अस्सजी आणि पुनब्बसू यांच्या टोळक्याची हकीकत आहे. किटागिरीच्या या भिक्खूंनी फुलांच्या माळा ओवण्यापासून आठ घरांच्या पटापर्यंत सगळे नाद केले, आणि तिथंही नावं तीच येतात, 'आकाशा'सकट. म्हणजे नियम पोथीत शोभेला नव्हता. कुणीतरी खेळत होतं. ज्या खेळात धरायला काहीच नाही त्यातही भिक्खू धरला गेला. सुत्तकारांनी म्हणूनच हस्तिदंताला किंवा सोन्याच्या फाशांना वेगळा दोष दिला नाही. त्यांनी सगळ्या खेळांना मिळून एकच नाव दिलं, प्रमादाची जागा. बेसावधपणा बीमध्ये नसतो.

हे मान्य केलं तर देवाच्या प्रतिमेबद्दलची नाराजी वेगळ्या उजेडात दिसते, आणि तिच्यासाठी सावंतवाडीला जावं लागतं. तिथल्या गंजिफांत दशावतारी संच असतो : १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पानं, मिळून १२०. पानं गोल. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वाळवायचे, घोटायचे, चकत्या कापायच्या, एकेक पान हातानं रंगवायचं आणि वर लाखेचा हात द्यायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलावंताकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच तिचं कामकाज सुरू केलं. तर हे मत्स्य, कूर्म, वराह, राम, कृष्ण माणसांच्या बोटांत फिरतात, खाली फेकले जातात, गोळा केले जातात. अपमान? मग खेळाचा नियम पाहा. गंजिफात हुकूम नसतो. एका रंगाचं पान दुसऱ्या रंगाच्या पानाला मारू शकत नाही. रामाचा नव्वा फार तर रामाच्याच वरच्या पानापुढे वाकतो. कृष्णापुढे नाही, नरसिंहापुढे नाही. वामनाचा राजा पडला की त्याला हात लावणारा कुणी नाही. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे राम तो पहिला उतरतो, दिवे लागल्यावर ज्याच्याकडे कृष्ण तो. दहा अवतारांत कुणी थोरला नाही आणि कुणी कुणाला हरवत नाही, हे सांगायला मोठा ग्रंथ लिहावा लागला असता. इथं ते एका नियमात बसवलं आहे. याच चित्रांना हुकमाचा खेळ लावला तर एका अवताराची दुर्री दुसऱ्या अवताराच्या राजाला मारील, आणि तेव्हा नाराज होणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. चित्र तेच राहील, लाख तीच राहील. मान आणि अपमान दोन्ही नियमात राहतात.

गंजिफाचं पान आणखी एक गोष्ट शिकवतं, जी आजच्या चेहरेवाल्या सोंगट्यांना थेट लागू होते. पानाची पुढची बाजू कितीही नटवा, पाठ मात्र १२० पानांची एकसारखी हवी. एक पान हरवलं आणि नवं रंगवून घेतलं, पण पाठीची छटा किंचित जरी वेगळी उतरली, तर पुढची बाजू निर्दोष असूनही डाव नासला, कारण समोरच्याला पान कळतं. रूपाला मोकळीक द्यायची तर कुठंतरी निराकाराची हमी लागते.

आता दुसरी नाराजी, स्वतःच्या चेहऱ्याची. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेनं जोडलेला मोक्षपट आठवा. जन्माच्या घरातून निघायचं, कवड्यांच्या दानानं सरकायचं, सद्गुणाच्या शिडीनं चढायचं, षड्रिपूंच्या सापानं घसरायचं, मोक्षाला पोचायचं. तिथं सारं वाङ्मय पटावर आहे आणि सोंगटी मुकी आहे. कारण ती कुणीही आहे, जीव आहे. जीवाला नाक-डोळे काढले की तो अमक्याचा तमका होतो. यावरून असं म्हणावंसं वाटतं की चेहऱ्याची सोंगटी मोक्षपटाच्या मुळावर येते. पण पोरं सापशिडी खेळताना ऐका. तुटकं बटण सापाच्या तोंडी गेलं की पोरगं म्हणतं, 'मला साप चावला.' बटणाला म्हणत नाही. 'मी' पद स्वीकारल्याबरोबर येतो, आणि पूर्ण येतो; हुबेहूब चेहरा त्यात भर घालू शकत नाही, कारण भर घालायला जागाच उरलेली नसते. सोंगटी आणि सोंग यांचं नातं व्युत्पत्तीकारांनी ठरवावं, कानाला मात्र ते पटतं : सोंग घ्यायला मुखवटा लागतोच असं नाही.

म्हणून डाव चालू असताना चेहऱ्याची सोंगटी आणि बटण यांत मला आध्यात्मिक फरक दिसत नाही. फरक सुरू होतो डाव मोडल्यावर. मराठीत डाव नुसता संपत नाही, तो मोडतातही. आणि मोडणं ही क्रिया आहे, तिला हात लावावा लागतो. पट गुंडाळला की बटण शिवणाच्या डब्यात परत जातं आणि पुन्हा बटण होतं, जशी अक्षतांनंतर सुपारी पुन्हा सुपारी. पद आलं तसं निघून जातं. माझ्या चेहऱ्याची सोंगटी डबीत टाकली तरी ती मीच राहते. तिला जायला दुसरं कुठलं नाव नाही. ती हरवली तर मी हरवतो, तिचं डोकं उडालं तर अपशकुन वाटतो, धाकट्यानं ती वापरली तर भांडण होतं. खेळातला 'मी' खेळाबाहेर चालू राहतो. घडीव चेहरा आसक्ती निर्माण करत नाही. तो उत्तरपूजा अवघड करतो. नाराजीचा रोख बरोबर होता, नेम किंचित चुकला होता.

यावरही एक उत्तर आहे, आणि ते बोरीवलीकराला दरवर्षी दिसतं. गोराईच्या खाडीकडे जाणाऱ्या मिरवणुकांत जी मूर्ती असते तिच्याइतकं नटवलेलं, निरखून डोळे रेखलेलं, नावानिशी मागणी देऊन घडवून घेतलेलं दुसरं काही नाही. तरी ती पाण्यात जाते, आणि घरी परत येतो तो रिकामा पाट आणि त्याच्यावरची मूठभर वाळू. रूप कितीही जवळचं असो, त्याचं विसर्जन करण्याची रीत समाजापाशी असली की रूप अडसर होत नाही. आक्षेप खरा आहे, फक्त त्यात एक अट लपली आहे : माती विरघळली पाहिजे. पार्थिव पूजेचा सारा अर्थ शाडूच्या त्या गुणावर उभा आहे, आणि पीओपीवरून कोर्टकचेरीपर्यंत गेलेला वाद निदान एवढ्यापुरता तरी धर्मशास्त्राचाही वाद होता. रेझिन तर पीओपीपेक्षाही हट्टी. अतिनील प्रकाशात एकदा घट्ट झालं की ते परत वितळत नाही, विरघळत नाही. ठिसूळ होऊन तुटतं, पण जात नाही. कुटुंबातला एक माणूस उणा झाल्यावर त्याच्या सोंगटीचं काय करायचं, हा प्रश्न प्रिंटरवाल्याला कुणी विचारत नाही, आणि सापशिडीचा डबा पुढच्या दिवाळीला उघडला की तो समोर येतो.

त्यावर तोडगा पुठ्ठ्याच्या खेळांत फार दिवसांपासून आहे, इतका साधा की त्याच्याकडे लक्ष जात नाही. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची बुटकी बैठक, तिला वर एक खाच, आणि खाचेत उभा खोचायचा कागदाचा तुकडा. बैठकीला घडवणाऱ्यानं हवं ते कौशल्य लावावं, वजन बुडाशी ठेवावं, कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या घासाव्यात, अंध खेळाडूसाठी प्रत्येकीला वेगळी खूण द्यावी. कागदावर आजोबा काढा, मांजर काढा, वराह काढा. डाव मोडला की कागद उपसायचा, बैठका डबीत, आणि पुढच्या वेळी खाचेत कोण ते पुढच्या वेळी.